काठावरचा चिखल

पाणपक्ष्यांच्या गणनेला माणसं किमान दोन लागतात. एकाने दुर्बिणीला डोळा लावून आकडे पुटपुटायचे, दुसऱ्याने ते लिहून घ्यायचे. आमच्याकडे पुटपुटणारे हे आणि लिहिणारी मी. माझं अक्षर बरं आहे, आणि लांबवरची तुतारी कोणती नि टिलवा कोणता, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. ह्यांची सगळी नोकरी के. आर. पुरमला लागून असलेल्या दूरवाणीनगरात, टेलिफोनच्या कारखान्यात झाली. बेळगाव सुटलं ते सुटलंच. इथे येऊन नाद लागला तो एकच, बर्डवॉचर्स फील्ड क्लबचा. डॉ. जोसेफ जॉर्ज यांनी 1970च्या दशकात बंगळुरात उभा केलेला हा क्लब. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी लालबागेत जमायचं, पक्षी बघायचे, नावांची यादी करायची, कॉफी प्यायची आणि घरी जायचं, एवढाच त्याचा कार्यक्रम.

लिहिणाऱ्याचे हात अडकलेले असले तरी कान मोकळे असतात. म्हणून यंदाच्या गणनेत मामा-भाचीत जे काही झालं ते मला जवळजवळ शब्दशः देता येईल.

भाची मूळची पुण्याची. व्हाइटफील्डच्या कंपनीत नोकरी, राहायला भट्टरहळ्ळीच्या बाजूला एका मोठ्या सोसायटीत. सोसायटीची तळे-समिती आहे आणि तिची ही उत्साही चिटणीस. यंदा म्हणाली, मीही येते. पहाटे पंधरा-सोळा अंशांच्या गारठ्यात आम्ही येले मल्लप्पा शेट्टी केरेच्या काठावर उभे होतो. जुन्या मद्रास रोडला चिकटून पसरलेलं हे तळं साडेचारशे एकरांपेक्षा मोठं. विड्याच्या पानांच्या एका व्यापाऱ्याने दुष्काळात पदरचा पैसा घालून बांधलं, असं इथले जुने लोक सांगतात. त्या व्यापाऱ्याने आज पाहिलं तर पैसे परत मागेल. निम्म्यावर जलपर्णी, राजकालुव्यातून, म्हणजे मोठ्या नाल्यातून, येणारं काळं पाणी, आणि त्याचा वास.

"मामा, हे तळं आहे की गटार?"

"दोन्ही. लिहा हो, शेकाट्या. त्या पलीकडे ठिपकेवाली तुतारी. थांबा, मोजतो."

"गटारात उभ्या राहिलेल्या पक्ष्यांचं कौतुक कसं वाटतं तुम्हाला? आमच्या समितीने आराखडा केलाय. गाळ काढायचा, मैलापाणी बंद करायचं, भोवती बांध, दगडी काठ, चालायची वाट, दिवे, बाकं. आमदारांना निवेदन देणार आहोत."

ह्यांनी दुर्बीण खाली केली. मोजणी चालू असताना हे सहसा असं करत नाहीत, म्हणून मी पेनाला टोपण घातलं.

"बांध किती बाजूंनी?"

"किती म्हणजे? सगळ्या बाजूंनी."

"हे तळं ज्याने बांधलं त्याने एकाच बाजूने घातला होता."

इथून पुढे जे ह्यांनी सांगितलं ते मी अनेकदा ऐकलं आहे, पण भाचीला नवीन होतं. या भागातली केरे म्हणजे खणलेलं तळं नव्हेच. उताराच्या खालच्या अंगाला मातीचा एक बांध घालायचा, जादा पाणी जायला कोडी ठेवायची, बांधाखालच्या शेतांना पाणी सोडायला तूम ठेवायचा, आणि वरच्या अंगाला पाणी हवं तितकं पसरू द्यायचं. पाणी सोडायचं काम गावच्या नीरुगंटीचं. बांधाजवळ पाणी खोल, आणि वरच्या बाजूला शे-दोनशे पावलं चालत गेलं तरी घोट्याएवढं. पावसाळ्यानंतर पाणी जसं जसं मागे हटतं, तसा तो वरचा काठ उघडा पडतो आणि ओला चिखल रोज थोडा थोडा पुढे सरकतो. सायबेरियातून, उत्तर युरोपातून येणाऱ्या तुताऱ्या नेमक्या त्याच वेळी इथे पोचतात. चिखलात अळ्या, किडे, गोगलगाई. चोच बोटभर खुपसली की जेवण.

"शेतकऱ्याने शेतासाठी बांधलं, पक्ष्यांना आपसूक ताट वाढलं गेलं," हे म्हणाले. "तुम्ही चारी बाजूंनी दगडी काठ केलात की तळ्याचा वाडगा होतो. काठावर पाय ठेवला की कमरेएवढं पाणी. तुतारीचे पाय किती लांब असतात ते बघितलंयस? थापट्या बदक बुडी मारत नाही. चमच्यासारख्या चोचीने वरवरचं पाणी गाळून खातं. तलवार बदक शेपटी वर करून मान खाली घालतं, मान पोचेल तेवढंच त्याचं पाणी. वाडग्यात त्यांनी खायचं काय?"

"पण वेंगय्यनकेरेला तर वाट आहे, कुंपण आहे. तिथे पक्षी आहेतच की. मी स्वतः पाहिलेत. पाणकावळे, टिबुकल्या, मोठे झोळीवाले."

"सगळे मासे खाणारे किंवा बुडी मारणारे. खोल पाण्याचे गिऱ्हाईक. ते येतात, फोटो छान येतात, आणि लोक म्हणतात तळं सुधारलं. जे गेले त्यांचा फोटो कोण काढणार?"

हा मुद्दा मला फार पटतो. न आलेला पक्षी दिसत नाही. तो दिसायचा एकच मार्ग म्हणजे आधीच्या वर्षांचा कागद.

भाची गप्प बसणारी नाही. "आम्ही मधे बेट ठेवणार आहोत, पक्ष्यांसाठी."

"बेटावर झाडं लावाल. बगळे बसतील, पाणकावळे पंख वाळवतील, चित्रबलाक रात्रीला येतील. चांगलंच आहे. पण तुतारी झाडावर बसून जेवत नाही, बाळ."

मग ती मुद्द्यावर आली, आणि खरं सांगायचं तर इथे ह्यांची बाजू लंगडी पडली.

"मामा, दुर्बिणीतून वास येत नाही. त्या राजकालुव्याच्या काठावर पत्र्याच्या खोल्यांमध्ये बांधकामावरची माणसं राहतात. त्यांची पोरं त्याच पाण्याच्या कडेला खेळतात. डास, ताप, बोअरवेलचं पाणी, हे सगळं त्यांच्या वाट्याला. बेळ्ळंदूरचं तळं फेसाळलं, जानेवारी 2018 मध्ये पेटलं, ते पाणीही याच दक्षिण पिनाकिनीच्या खोऱ्यातलं. तुम्ही म्हणणार, घाण पाण्यात अळ्या जास्त, अळ्या जास्त म्हणून पक्षी जास्त. म्हणजे घाण राहू द्यायची?"

"मी तसं म्हटलं नाही."

"पण तुमचा क्लब तसं वागतो. पुण्यात मुळा-मुठेच्या संगमाजवळ तेच. नदीत सगळ्या शहराचं मैलापाणी, आणि हिवाळ्यात लोक कॅमेरे घेऊन येतात, वा काय पक्षी आहेत म्हणतात. ठाण्याच्या खाडीत रोहित हजारोंनी येतात म्हणून आपण टाळ्या वाजवतो. तिथल्या शेवाळाला खतपाणी कशाचं मिळतं ते बोलत नाही."

"पाषाणचं सांग की मग. पाषाण तलाव सुशोभित केला. पक्षी वाढले का?"

"नाही," ती म्हणाली. तेवढं प्रामाणिकपणे म्हणाली. "कमी झाले. पण जलपर्णी आणि सांडपाणीही तिथे आहेच. तुम्ही सगळा दोष वाटेवर ढकलू नका."

मधेच एक जाड लेन्सवाला तरुण आमच्या पुढून चिखलात उतरला आणि भुवई बदकांचा थवा उठून जलपर्णीच्या पलीकडे गेला. उठलेला थवा दोनदा मोजला जाण्याचा धोका असतो, म्हणून तो कप्पा सोडून द्यावा लागला. दोघांनी मिळून त्या तरुणाकडे अशा काही नजरेने पाहिलं की मला क्षणभर वाटलं वाद मिटला.

मिटला नव्हता. नाश्त्याला दर्शिनीत गेलो. अवरेकाईचे दिवस, त्यामुळे उपम्यातसुद्धा पावटे. मला या शहराचा हिवाळा पावट्यांमुळे आवडतो. पक्ष्यांचा नंबर नंतर लागतो, हे मी ह्यांना कधी सांगितलेलं नाही.

"मला मोजण्याचंच कळत नाही," भाची म्हणाली. "वर्षानुवर्षं तीच तळी, तेच पक्षी, तोच कागद. मोजल्याने एकतरी तळं वाचलं का?"

हे उत्साहाने सुरू झाले. अमेरिकेत नाताळच्या दिवशी बंदुका घेऊन दिसेल तो पक्षी मारायची स्पर्धा असायची. 1900 साली फ्रँक चॅपमन या पक्षीतज्ज्ञाने सुचवलं की मारण्याऐवजी मोजा. सत्तावीस जणांनी पंचवीस ठिकाणी मोजले, आणि ती गणना आजतागायत चालू आहे. आपल्याकडे आशियाई पाणपक्षी गणना 1987 साली सुरू झाली, दर जानेवारीत होते, आणि बंगळूरची तळी तेव्हापासून मोजली जाताहेत. त्या मोजणीच्या आणि पाण्याच्या तपासणीच्या आधारावर 1996 मध्ये एम. बी. कृष्णा, चक्रपाणी आणि श्रीनिवास यांनी इथल्या तळ्यांवर एक अहवाल लिहिला. कुठल्या तळ्यात पाणी कसं होतं, पक्षी काय होते, हे आज कुणाला बघायचं असेल तर त्यात सापडतं. त्याच्या दोन वर्षं आधी, 1994 मध्ये, क्लबने बंगळूरच्या पक्ष्यांची टिपणांसह यादी छापली होती. आणि सलीम अलींनी 1939-40च्या हिवाळ्यात म्हैसूर संस्थानाचं पक्षी-सर्वेक्षण केलं, तो आधार त्याच्याही आधीचा.

"2023चा भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल वाच," हे म्हणाले. "942 जातींचा आढावा आहे. तीस हजारांवर साध्या माणसांनी भरलेल्या नोंदींवरून केलेला. त्यात म्हटलंय, लांबून येणारे स्थलांतरित फार घटले. आणि ज्या चौदा नेहमीच्या पक्ष्यांचा धोका नव्याने तपासा म्हणून सुचवलंय, त्यांत कोण आहेत? आपला थापट्या. सामान्य तुतारी. कर्नाटकाचा राज्यपक्षी नीलपंख. तुमच्या-आमच्या डोळ्यांसमोरचे. कुणी मोजलंच नसतं तर 'पूर्वी खूप असायचे' एवढंच म्हणत बसलो असतो. म्हाताऱ्याच्या आठवणीला कोर्टात किंमत नसते."

"कोर्टात!" भाचीने नेमका तोच शब्द उचलला. "मला सांगा, तुमचे कागद कोर्टात, पालिकेत, वॉर्डाच्या सभेत कधी गेले? वेंगय्यनकेरेचं काम निघालं तेव्हा कुणी उठून म्हटलं का, या कोपऱ्यात हिवाळ्यात एवढ्या तुताऱ्या असतात, हा कोपरा सोडा? तुम्ही मोजलं, पाठवलं, आणि पुढच्या जानेवारीची वाट बघत बसलात. तुम्हाला मीटिंग आवडत नाहीत, आरडाओरडा आवडत नाही. पक्षी बघणारी माणसं मुळातच शांत असतात, आणि त्या शांतपणाचा फायदा ठेकेदाराला होतो."

हे काही बोलले नाहीत. कॉफीत साखर नसताना चमचा फिरवत राहिले.

"आणि दुसरी गोष्ट," ती पुढे म्हणाली, "तुमचा तो पसरट, उथळ, मोकळा काठ. पक्ष्याला तो ताट दिसतो, बिल्डरला प्लॉट दिसतो. 2016 मध्ये हरित लवादाने तळ्याभोवती 75 मीटर सोडा म्हणून सांगितलं. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं, पुन्हा जुने 30 मीटर. पाणी आटलं की मार्चमध्ये मातीचे ट्रक येतात, भराव पडतो, पुढच्या वर्षी तिथे शेड उभी राहते. आम्ही दगडी काठ आणि वाट मागतो ती फक्त सकाळच्या फेरफटक्यासाठी नाही, मामा. वाट असली, माणसं चालत असली, तर भराव टाकायला कुणी धजत नाही. चालणारी बाईमाणसं हीच तळ्याची राखण."

हा मुद्दा ह्यांनी यापूर्वी कधी ऐकला नसावा. मीही नव्हता ऐकला. आम्ही पक्षीमंडळी काठाकडे नेहमी पाण्याच्या बाजूने बघतो. जमिनीच्या बाजूने तो काठ किती उघडा आहे, हे तिथे फ्लॅट घेतलेल्या मुलीला जास्त कळलं.

थोड्या वेळाने हे म्हणाले, "जक्कूर पाहिलंयस?"

"समितीची सहल नेली होती."

"मग तिथलं काय आवडलं?"

जक्कूर हे उत्तर बंगळूरचं एकशेसाठ एकरांचं तळं. तिथे मैलापाणी थांबवलेलं नाही, वळवलेलं आहे. आधी ते शुद्धीकरण केंद्रात जातं, तिथून बाहेर पडलेलं पाणी गवता-लव्हाळ्यांनी भरलेल्या उथळ पाणथळीतून सावकाश झिरपतं, आणि मगच तळ्यात उतरतं. पाणथळ म्हणजे चिखल आहेच. झोळीवाल्यांचे थवे आहेत, आणि फिरायला वाटही आहे. भाचीला तिथली वाट आवडली होती, ह्यांना पाणथळ. दोघं एकाच तळ्याचं कौतुक करत होती आणि आपण वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलतोय हे दोघांच्याही लक्षात येत नव्हतं.

"म्हणजे पाणी स्वच्छ करायला तुमची हरकत नाही?"

"पाणी स्वच्छ करायला कुणाची हरकत असेल? अळ्या थोड्या कमी होतील, पक्षी थोडे कमी येतील, चालेल. काठाचा आकार बदलू नका एवढंच माझं म्हणणं. पाणी घाण झालं तर पुन्हा स्वच्छ करता येतं. दगड लावलेला उतार परत कोण काढून देणार?"

"आणि माझं म्हणणं, राखण हवी."

"हवी. पण राखणदार पाण्याच्या कडेलाच कशाला उभा करायचा? सर्व्हेच्या हद्दीवर करा."

"मग वाटेवरून पाणी दिसणार नाही, लोक तक्रार करतील."

"बांधाच्या बाजूने दिसेल की. तिथे खोलच आहे. तिथे लावा तुमचे दिवे नि बाकं. वरच्या अंगाला कुंपण लांब हद्दीवर, आत काही नाही. नुसता उतार."

"नुसता उतार ठेवायला निधी मिळत नाही, मामा. इंजिनियर विचारतो, इथे काम काय दाखवू?"

यावर ह्यांच्याकडे उत्तर नव्हतं, आणि माझ्याकडेही नाही. काही न करण्याचं बिल निघत नाही, ही आपल्या सगळ्या सार्वजनिक कामांची मोठी अडचण आहे. दगड, काँक्रीट, फरशी, दिव्याचे खांब यांचं मोजमाप पुस्तकात लिहिता येतं. चिखलाचं लिहिता येत नाही.

माझं स्वतःचं मत विचाराल तर काठाच्या बाबतीत मी ह्यांच्या बाजूने आहे आणि वागणुकीच्या बाबतीत भाचीच्या. एका बाजूला बांध आणि दुसऱ्या बाजूला पसरट उतार ही जुनी रचना केवळ जुनी म्हणून पवित्र नाही. ती टिकवायची, कारण तिच्याशिवाय हिवाळी पाहुण्यांपैकी निम्मे पाय टेकू शकत नाहीत. शहरातली बरीच तळी अशीच वाडग्यासारखी झाली आहेत. पूर्वेकडे उरलेल्या थोड्या मोठ्या, बेढब, दुर्लक्षित तळ्यांचं दुर्लक्ष हेच त्यांचं संरक्षण होतं. आता मेट्रोची पर्पल लाइन के. आर. पुरमवरून धावते, जमिनीचे भाव वाढलेत, तेव्हा तेही फार दिवस पुरणार नाही. अशा वेळी गणनेचा कागद घरात ठेवून भागत नाही. फील्ड क्लबची माणसं राजकारणात पडत नाहीत याचा आम्हाला अभिमान होता. मला आता तो अभिमान तितकासा परवडणारा वाटत नाही. मोजणाऱ्याने सभेला गेलंच पाहिजे असं नाही, पण सभेला जाणाऱ्याच्या हातात त्याने कागद द्यायला हवा. तळे-समितीच्या चिटणिसाने कॉफी पिता पिता तो मागितला आणि ह्यांनी दुसऱ्याच दिवशी जुन्या वह्यांचे गठ्ठे उतरवले. त्यात एक अडचण निघाली: आम्ही पक्षी किती ते लिहिलं होतं, तळ्याच्या कुठल्या अंगाला ते फारसं लिहिलं नव्हतं. समितीला आकड्याहून नकाशा जास्त उपयोगाचा. यंदाच्या कागदावर मी तळ्याचं चित्र काढून थव्यांच्या जागी फुल्या मारल्यात, आणि बहुतेक फुल्या वरच्या उथळ अंगालाच पडल्यात.

महाराष्ट्रातल्या वाचकांनाही हे सांगावंसं वाटतं, कारण तिकडे दर वर्षी 5 ते 12 नोव्हेंबर पक्षी सप्ताह साजरा होतो, मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या जन्मदिवसांच्या निमित्ताने. व्याख्यानं होतात, शाळेच्या मुलांच्या फेऱ्या निघतात. त्या आठवड्यात गावातल्या तळ्याचा एक नकाशा करा आणि कुठल्या काठाला चिखलातले पक्षी उतरतात ते त्यावर मांडा. जानेवारीच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातल्या गणनेत तोच नकाशा पुन्हा भरा. मग गावात 'तलाव सुशोभीकरण' नावाचं काम निघालं की पालिकेत जाऊन आराखडा मागा. त्यात पाण्याची रेषा आणि दगडी काठाची रेषा चारी बाजूंनी एकच दिसली, तर हरकतींची मुदत संपायच्या आत लेखी हरकत द्या आणि नकाशाची प्रत तिला जोडा.